डावं-उजवं

३ मार्च, मंगळवार

फोटो ठरला एकदाचा. दाढी खोटी आहे.

दातवाला सकाळीच हजर. पाच-सहा फोटो टेबलावर पत्त्यांसारखे मांडले. ह्यांचा शाळेतला लाडका विद्यार्थी, आता दातांचा डॉक्टर. दिवसभर लोकांच्या तोंडात हात घालतो आणि संध्याकाळी नाटकात तोंड घालतो. हे गेल्यापासून हौशी नाट्यमंडळाची सगळी सूत्रं त्याच्याकडे आली आहेत, आणि सूत्रं हातात आली की माणूस बॅनरपासून सुरुवात करतो.

"काकू, श्रद्धांजली सभेच्या बॅनरला हा घेऊ या. सरांचा खरा चेहरा ह्यात दिसतो."

बघितलं, तर न्यायाधीशाच्या वेषातला! डिंकाने चिकटवलेली पांढरी दाढी, कपाळावर पेन्सिलीने ओढलेल्या आठ्या. खऱ्या आठ्या भरपूर होत्या की. त्या घरी वापरायचे.

"लष्करातला एक आहे. शाळेतलाही एक आहे," मी म्हटलं.

"पण लोकांना सर असेच आठवतात ना!"

लोकांना. बरोबर आहे. बायकोला कसे आठवतात हे बॅनरवर मावायचं नाही.

सभा बावीस तारखेला, रविवारी, मंडळाच्या हॉलमध्ये. आधी त्या न्यायाधीशाच्या नाटकाचा तिसरा अंक, मग भाषणं, आणि सगळ्यात शेवटी माझे 'दोन शब्द'. शेवटी का? तर मी रडेन आणि सभेचा शेवट चांगला होईल. असं तो म्हणाला नाही. पण 'अजिबात दुखणार नाही' म्हणताना दातांच्या डॉक्टरचा जसा चेहरा होतो, तसा झाला होता.

४ मार्च

दोन शब्द. 'ऐकत नसत.'

झाले की! खाली बसू?

६ मार्च, शुक्रवार

लेकीचा फोन. "आई, सभेत बाबांबद्दल चांगलंच बोल हं. तुझं तोंड म्हणजे..." पुढचं गिळलं तिने. माझीच मुलगी. वाक्य कुठे गिळायचं ते बापाकडून शिकली.

चांगलं बोलायचं तर काय बोलू? शेवटच्या सकाळचं बोलू?

मी स्वयंपाकघरात. हे बाहेर आपल्या खुर्चीत, समोर पेपर. ती खुर्ची अशी की डाव्या हाताला स्वयंपाकघराचं दार, म्हणजे मी आतून बोललेलं थेट पोचावं. पोचायचं असतं तर! ओट्याजवळचा नळ रात्रंदिवस टिपटिप गळत होता. वायसर आणा, वायसर आणा, म्हणून माझा घसा बसला होता. त्या सकाळी मी नळापासून सुरुवात केली. तिथून ह्यांच्या आळसावर गेले, मग तालमींवर, मग लेकीच्या लग्नात हे स्टेजचे पडदे बांधत बसले होते त्याच्यावर. मी रंगात आले की मागचं काही सोडत नाही. बाहेरून उत्तर नाही. उत्तर नसणं ही आमच्याकडे तब्येत ठणठणीत असल्याची खूण. म्हणून मी बोलतच राहिले.

शेवटी म्हटलं, "तुम्हाला सांगून काही उपयोग आहे का!"

आणि चहा घेऊन बाहेर आले. पेपर मांडीवर घसरला होता. मान जराशी कलली होती.

डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेले. त्यांना कळलंसुद्धा नसेल. सगळ्यांना फार बरं वाटलं ते ऐकून. मला एवढंच विचारायचं होतं, की मी बोलत होते तेव्हा हे होते का? ऐकत होते का? पण असलं डॉक्टरला कसं विचारणार! तो नाडी बघतो. कान बघणारा वेगळा असतो.

तर आमच्या संसाराचा शेवटचा संवाद हा. संवाद तरी कसला, स्वगत!

८ मार्च, रविवार

तालमीला जाऊन आले. दातवाल्याने गाडी पाठवली होती. सरांच्या बायकोला आता गाडी येते. सर होते तेव्हा मी चालत जायचे, हातात नाटकाची प्रत आणि थर्मास.

हॉल आहे तसाच आहे. तोच करकरणारा पंखा, ती मोडकी तिसरी रांग. आणि समोरच्या भिंतीवर फूटभर अक्षरांत रंगवलेलं ह्यांचं वचन: 'शब्द ओठांवर दिसला पाहिजे.' मंडळातली पोरंपोरी तालमीआधी त्याच्याकडे बघून मनातल्या मनात काहीतरी म्हणतात. मला कधी त्याचा अर्थ लागला नाही. शब्द ऐकू येतो, दिसतो कसला? पण मोठी माणसं काहीबाही बोलून जातात, अर्थ लावायचं काम बाकीच्यांना असतं.

दातवाला 'तो पॉज' बसवत होता.

तो पॉज! त्याच्यावर लोकांनी लेख लिहिले आहेत. तिसऱ्या अंकात न्यायाधीशाच्या समोर त्याचाच मुलगा आरोपी म्हणून उभा. आई साक्षीला येते, मुलाच्या बाजूने पान-दीड पान बोलते, आणि गप्प होते. न्यायाधीश उठतो. हळूहळू डावीकडे वळतो. थांबतो. थांबतो. हॉलमध्ये कोणी खोकत नाही. मग म्हणतो, "ऐकलं. सगळं ऐकलं." टाळ्या! पुढच्या रांगेत रुमाल! कोणीतरी छापून आणलं होतं, 'त्या थांबण्यात एक अख्खं आयुष्य होतं.'

आयुष्य-बियुष्य काही नव्हतं. हे वाक्य विसरायचे.

दर प्रयोगाला, नेमके तिथेच. नाटक स्वतः लिहिलेलं, वाक्य तीन शब्दांचं, त्यातला एक शब्द दोनदा! तरी विसरायचे. आणि मी ह्यांच्या डाव्या हाताच्या विंगेत स्टुलावर बसून, प्रत मांडीवर, कुजबुजायचे, "ऐकलं. सगळं ऐकलं." मग स्वारीला आठवायचं.

घरात हे वाक्य ह्यांनी एकदाही म्हटलं नाही. तिकीट काढून आलेल्या लोकांना म्हणायचे.

दातवाला मोबाइलवर सेकंद मोजत होता. "काकू, सर नक्की किती थांबायचे हो?"

"आठवेपर्यंत," मी म्हटलं.

तो इतका हसला! काकूंचा विनोद म्हणजे काय, लाजवाब. मीही हसले. कधीतरी सांगून टाकावं वाटतं सगळ्यांना. पण सांगत नाही, आणि का सांगत नाही ते ह्या कागदाला सांगते. सगळ्या संसारात माझं एवढं एकच वाक्य ह्यांनी ऐकलं. मी म्हटलं, आणि लगेच पाठोपाठ ह्यांनी म्हटलं, चारशे माणसांसमोर. ते माझं आहे. ते मी वाटून टाकणार नाही.

१० मार्च, मंगळवार

दातवाल्याने ह्यांचा परिचय लिहून पाठवलाय, 'काकू, नजरेखालून घाला.' घातला.

'शूर सैनिक.' असतील. घरात पाल निघाली की खुर्चीवर चढून मला हाक मारायचे. लष्कराबद्दल घरात बोलत नसत. विचारलं तर म्हणायचे, "फार आवाज असायचा." बस. तोफांजवळ राहिलेल्या माणसाने लढाईचं केलेलं एवढंच वर्णन.

'आदर्श शिक्षक.' भूगोल शिकवायचे. जगातल्या नद्या पाठ, आणि रस्त्यात कोणी मागून हाक मारली तर भलत्याच दिशेला वळून हसायचे! हाक मारणारा इकडे, हे तिकडच्या विजेच्या खांबाकडे बघून नमस्कार करतायत. लोक कौतुकाने म्हणायचे, सर कायम विचारात असतात.

आणि वर्गात ते प्रसिद्ध "तोंड उघडून बोल!" काल औषधं आणायला गेले, तर दुकानातला तो थोराड माणूस माझी चिठ्ठी बघून एकदम जबडा वासून म्हणाला, "तोंऽऽड उघऽऽडून बोऽऽल!" मी दचकले. म्हणे सरांचा विद्यार्थी. सरांनी आम्हाला बोलायला शिकवलं म्हणे. शहरात अशी किती माणसं आहेत कोण जाणे, चाळिशी-पन्नाशी ओलांडलेली, आ वासून बोलणारी. दातवाल्याचा धंदा त्यावरच चालत असेल.

'श्रेष्ठ नट.' ह्यावर मी काही बोलत नाही. पॉज घेते.

१३ मार्च, शुक्रवार

आज रेडिओ आला.

हा ह्यांचा लष्करातला जोडीदार. बिनतारी संदेश पाठवायचं काम करायचा म्हणून रेडिओ, आणि एकदा लागला की बंद होत नाही म्हणूनही. लग्नात बघितला होता, नंतर चार-दोनदा. आता काठी, जाड चष्मा, हातांना कंप. सभेसाठी इतक्या लांबून आलाय, पुतण्याकडे उतरलाय.

आत आला, ह्यांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत क्षणभर उभा राहिला, आणि सरळ तिच्या डाव्या बाजूच्या खुर्चीत जाऊन बसला. माझ्या खुर्चीत! तिथे आजवर कोणी बसलेलं नाही. कोणीही आलं की हे स्वतः त्याला दंडाला धरून उजवीकडच्या सोफ्यावर नेऊन बसवायचे. केवढी अगत्यशील माणसं, असं लोकांना वाटायचं.

"ती माझी जागा आहे," मी म्हटलं.

"सवय हो, वहिनी," म्हणाला. उठला नाही.

आणि काय तो आवाज! हे गेल्यापासून घरात येणारे सगळे कुजबुजतात. हा गडगडत होता. शेवटी म्हटलं, "भाऊजी, हळू बोला. मला ऐकू येतं."

"माफ करा, वहिनी! मास्तराच्या ह्या बाजूला बसलं की आवाज आपोआप चढतो माझा. डावा कान गेलेला ना त्याचा."

मी चहा ओतत होते. तो कपातून बशीत आणि बशीतून टेबलावर गेला.

मग रेडिओ लागलाच. तोफ वेळेआधी उडाली. हे अगदी जवळ. कानातून रक्त आलं, आठवडाभर शिट्टी वाजत राहिली, आणि मग त्या कानात काहीच उरलं नाही. सांगितलं असतं तर घरी पाठवलं असतं, म्हणून सांगितलं नाही. तपासणीला डॉक्टर उजवा कान बंद करायला लावून, मागे उभा राहून आकडे कुजबुजायचा आणि हा रेडिओ खिडकीबाहेरून बोटं दाखवायचा! "सात म्हटलं की सात बोटं. एकदा मला शिंक आली, तर ह्याने सातच्या जागी दहा सांगितले. डॉक्टर म्हणाला, जास्तच ऐकू येतंय!" म्हातारा डोळे पुसत हसत होता. "मग ओठ वाचायला शिकला. त्यात एवढा तयार झाला, की समोरच्याला पत्ता लागायचा नाही. शाळेतही बहुतेक असंच चालवलं असेल... वहिनी? तुम्हाला ठाऊक होतं ना?"

"म्हणजे काय! ठाऊक होतं की," मी म्हटलं.

दुसरं काय म्हणणार? एवढा संसार केलेली बाई मी. नवऱ्याला कान किती आहेत ते माहीत नव्हतं म्हणू?

१४ मार्च, शनिवार

डोकं भणभणतंय. एकेक गोष्ट आपोआप जागेवर जाऊन बसतेय, आणि बसली की मला चिमटा काढतेय.

विजेच्या खांबाला नमस्कार. तोंड उघडून बोल. शब्द ओठांवर दिसला पाहिजे! वा! कलेचा महामंत्र भिंतीवर रंगवून घेतला, आणि गरज काय होती, तर समोरचा काय बोलतोय ते दिसावं. पोरंपोरी त्याच्यासमोर भक्तिभावाने उभी राहतायत.

मी म्हणायचे, हे एका कानाने ऐकतात आणि दुसऱ्या कानाने सोडून देतात. सोडायला दुसरा होताच कुठे!

लेकीला फोन लावला. सांगितलं. ती म्हणाली, "आई, मी जेवताना कायम बाबांच्या उजवीकडे बसायचे. लहानपणी एकदा तुझ्या जागेवर बसले तर उचलून पलीकडे ठेवलं होतं मला."

आता मुद्द्यावर येते. लेक उजवीकडे. पाहुणे उजवीकडे. दातवाला उजवीकडे. टेलिफोनसुद्धा उजव्या कानाला! आणि मी? टेबलावर डावीकडे. रस्त्याने चालताना डावीकडे. पलंगावर डावीकडे, आणि तिथे हे उजव्या कुशीवर, चांगला कान उशीत खुपसून! पाठ टेकली की घोरणं सुरू. मी त्या पाठीला काय काय सांगितलंय! माझी आई गेली तेव्हाचं. लेक दुरावल्यासारखी वागायची तेव्हाचं. पाठ एवढी लक्षपूर्वक ऐकायची की मला वाटायचं, चला, हूं नाही म्हणाले तरी कानावर तर गेलं.

चुकून घडलेलं नाही हे. माणूस पाहुण्याला हाताला धरून चांगल्या बाजूला बसवतो, पोरीला उचलून चांगल्या बाजूला ठेवतो, म्हणजे त्याला आपली बाजू पक्की ठाऊक आहे. आणि सगळं ठाऊक असून बायकोला बहिऱ्या बाजूला टाकतो. लोक 'डावं-उजवं करतात' असं नुसतं बोलतात. ह्यांनी माझ्या बाबतीत ते अक्षरशः केलं!

१५ मार्च

विंग डावी होती.

ते स्टूल ह्यांनीच तिथे ठेवलं होतं. "तुझी जागा इथे." तेव्हा किती बरं वाटलं होतं.

म्हणजे ते वाक्यही ऐकलं नाही.

१८ मार्च, बुधवार

दोन दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं. नळ गळतोय. मला ऐकू येतंय. दोन्ही कानांनी.

दातवाला आला होता. त्याचं नवीन. "काकू, रविवारी विंगेत तुम्हीच बसा. त्याच स्टुलावर. सरांसाठी." माझ्या तोंडावर आलं होतं, की तुझ्या सरांसाठी मी तिथे बसले काय आणि गच्चीवर बसले काय, सारखंच होतं. पण 'बसते' म्हटलं. सवय.

भाषण मात्र ठरलं. सांगणार आहे. दाढी काढणार आहे रविवारी, चांगली चरचरून. म्हणणार, तुमच्या सरांनी तुमचं सगळ्यांचं ऐकलं, त्यासाठी तुम्हाला उजवीकडे बसवलं. तो थोर पॉज म्हणजे निव्वळ विसर. आणि ती बाई विंगेत बसून ज्याच्यासाठी ओठ झिजवत होती, त्याला तिचं एक अक्षर ऐकू येत नव्हतं. टाळ्या वाजवा आता!

लेकीचं म्हणणं, "आई, बाबांची थट्टा होईल."

होऊ दे. माझी व्हायची राहिली आहे का?

२२ मार्च, रविवार

झाली सभा. पाय सुजलेत, पण आजच लिहायला हवं.

हॉल गच्च. खोटी दाढी दारावर झुलत होती. मी विंगेत स्टुलावर, प्रत मांडीवर. प्रत कशाला, सगळं पाठ आहे मला. तिसरा अंक सुरू झाला. दातवाला दाढीत बरा दिसत होता. साक्षीला आलेली आई बोलून थांबली. दातवाला उठला. हळूहळू डावीकडे वळला. थांबला. मोबाइलवर मोजलेले सेकंद संपले असतील. तरी थांबला. आणि मला त्याचे डोळे दिसले. ते डोळे मी चांगले ओळखते. विसरला होता! खरोखर! गुरूची विद्या पुरती उतरली.

मी कुजबुजले, "ऐकलं. सगळं ऐकलं." डोक्यावर पंखा करकरतोय. त्याच्यापर्यंत काही पोचेना. दोन धडधाकट कान असून! जोरात म्हणावं तर पहिली रांग ऐकणार. मग मी काय केलं कोण जाणे, प्रत खाली ठेवली, पुढे झुकले, उजेडात तोंड आणलं आणि जबडा वासून, आवाज न काढता, एकेक अक्षर म्हटलं. तोंऽऽड उघऽऽडून.

"ऐकलं," दातवाला म्हणाला. "सगळं ऐकलं."

टाळ्या. रुमाल. सगळं जुनंच.

पडदा पडल्यावर धावत विंगेत आला. दाढी एका बाजूने सुटली होती. "काकू! वाचवलंत! पण सरांना इथून ऐकू कसं जायचं हो? मला तर नुसते तुमचे ओठ दिसले."

मी स्टुलावरून उठलेच नाही जरा वेळ.

म्हणजे हे बघायचे. अंधाऱ्या विंगेत माझे ओठ सापडेपर्यंत बघत राहायचे. त्याला लोक पॉज म्हणायचे. माझ्याकडे एवढा वेळ टक लावून घरी कधी बघितलं नसेल. ऐकलं नव्हतं, पण ते वाक्य माझ्याकडूनच घेतलं होतं. बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, खूप बरं वाटलं.

मग भाषणं. शूर सैनिक, आदर्श शिक्षक, श्रेष्ठ नट, पुन्हा शूर सैनिक. शेवटी मी. चरचरीत भाषण तोंडपाठ होतं, पण त्यातला अर्धा राग आत्ताच विंगेत सांडला होता. म्हणून साधंच सांगितलं, "ह्यांना डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं. लष्करात असल्यापासून. कोणाला बोलले नाहीत. मलाही नाही."

आणि पाठीमागून तो औषधवाला जबडा वासून ओरडला, "तोंऽऽड उघऽऽडून बोऽऽल!" अख्खा हॉल फुटला. मग काय विचारता! जो तो शेजाऱ्याला सांगतोय, अरे मला उजवीकडच्या बाकावर बसवलं होतं, मलाही, मलाही! सगळ्या माना वळल्या आणि भिंतीवरचं ते वचन नव्याने वाचलं गेलं. पहिल्या रांगेत रेडिओ हसून हसून लाल. जिना उतरताना मला म्हणाला, "वहिनी, ठाऊक होतं म्हणालात ना!"

नळाचं बोलले नाही. ते घरातलं आहे. रडलेही नाही. दातवाल्याची जरा निराशा झाली.

शेवटी एवढंच म्हटलं, "तुम्हाला सगळ्यांना उजवीकडे बसवलं. मला मात्र जन्मभर डावीकडे. शहाणा माणूस!" केवढा हशा! मीही हसले. घरी येऊन कुलूप काढलं, ह्यांची खुर्ची दिसली, तिच्या डावीकडची माझी दिसली, आणि ते हसू कुठे गेलं कळलं नाही. बघायचे, ते नाटकात. घरात नळाखाली भांडी घासत, पाठमोरी मी बोलायचे, तेव्हा कोणते ओठ दिसत होते? आणि त्या सकाळी?

२४ मार्च, मंगळवार

रेडिओ निरोप घ्यायला आला. आज आपण होऊन उजवीकडच्या सोफ्यावर बसला. आवाजही हळू.

"वहिनी, परवा हसत हसत म्हणालात, मला जन्मभर डावीकडे बसवलं, ते माझ्या डोक्यातून जाईना. डावीकडून काय येतंय ते मास्तराला कळायचं नाही. त्या बाजूला भरवशाचं माणूस लागायचं. मी असायचो. मी रजेवर गेलो की तो झोपायचाच नाही, भिंतीला डावा खांदा लावून उठून बसायचा. तुमच्या लग्नात सवयीने त्याच्या डावीकडे जाऊन उभा राहिलो, तर मला हाताने सरकवलं. म्हणाला, तू आता उजवीकडे ये."

तो गेल्यावर मी माझ्या खुर्चीत बसले. नळ गळतोय. त्या सकाळी ह्यांचा डोळा लागला तेव्हा मी डावीकडेच होते. बोलत होते.